येलच्या वर्गात बसून ग्रीस आणि रोम: दोन खुल्या व्याख्यानमालांचे परीक्षण

अमेरिकेतील येल विद्यापीठाने डिसेंबर २००७ मध्ये ‘ओपन येल कोर्सेस’ या नावाने आपल्या काही पदवी-वर्गांतील व्याख्यानांची ध्वनिचित्रमुद्रणे सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. ह्यूलेट फाउंडेशनच्या आर्थिक साहाय्याने उभ्या राहिलेल्या या उपक्रमात पुढे सुमारे ४० अभ्यासक्रम जमा झाले. प्राचीन ग्रीस आणि रोम यांत रस असलेल्या वाचकाच्या दृष्टीने त्यांतील दोन महत्त्वाचे आहेत: डोनाल्ड केगन यांचा प्राचीन ग्रीक इतिहासाचा, २००७ च्या शरद सत्रात मुद्रित झालेला, आणि डायना क्लायनर यांचा रोमन वास्तुकलेचा, २००९ च्या वसंत सत्रातला. दोघेही प्राध्यापक आता हयात नाहीत. केगन २०२१ मध्ये वारले आणि क्लायनर २०२३ मध्ये. त्यामुळे या मालांची सुधारित आवृत्ती त्यांच्याकडून येणार नाही. जे आहे ते असेच राहणार, हे लक्षात घेऊनच त्यांचे मोल ठरवले पाहिजे.

या व्याख्यानांचा सर्वांत मोठा गुण आणि बहुतेक दोष एकाच गोष्टीतून निघतात: ती आपल्यासाठी दिलेली नाहीत. समोर बसलेल्या, परीक्षेला सामोरे जाणाऱ्या, आठवड्याचे नेमलेले वाचन करून आलेल्या (किंवा न आलेल्या) विद्यार्थ्यांसाठी ती दिली गेली आणि मागे कॅमेरा चालू होता. आजकाल दृक्‌श्राव्य शिकवणीत दर सहा मिनिटांनी प्रश्नमंजूषा, सरकती चित्रे आणि पार्श्वसंगीत असते. यांपैकी येथे काहीही नाही. सव्वा तासाच्या आसपास एक शिक्षक बोलतो, मध्येच थांबतो, विषयांतर करतो, एखाद्या विद्यार्थ्याच्या शंकेला उत्तर देतो आणि वेळ संपली म्हणून अर्ध्यावर सोडलेला मुद्दा पुढच्या तासाला उचलतो. ज्याला झटपट सारांश हवा आहे त्याने येथे येऊ नये. एखादा अभ्यासक पुराव्यावरून निष्कर्षापर्यंत कसा जातो हे ज्याला पाहायचे आहे, त्याला यापेक्षा प्रामाणिक दर्शन क्वचितच मिळेल.

केगन यांच्यापासून सुरुवात करतो, कारण दोघांत तेच अधिक वादग्रस्त आणि म्हणून अधिक उपयोगी आहेत. लिथुआनियात १९३२ साली जन्मलेले, ब्रुकलिनमध्ये वाढलेले आणि १९६९ पासून येलमध्ये शिकवणारे हे गृहस्थ पेलोपोनेशियन युद्धाच्या चार खंडी इतिहासासाठी प्रसिद्ध आहेत. वर्गातले त्यांचे बोलणे मात्र ग्रंथांसारखे नाही. ते समोर टिपणे ठेवून, पण बहुतांशी गप्पांच्या ओघात बोलतात. विनोद करताना चेहरा गंभीर ठेवतात, आणि आपले मत हे आपले मत आहे हे लपवत नाहीत. प्राचीन परंपरेकडे पाहण्याची त्यांची रीत सुरुवातीच्याच व्याख्यानांत स्पष्ट होते. हेरोडोटससारखा जुना लेखक एखादी गोष्ट सांगत असेल, तर ती अशक्य किंवा विसंगत ठरेपर्यंत तिच्यावर विश्वास ठेवावा, आधीच संशय घेऊन सगळेच फेटाळू नये, अशी त्यांची भूमिका आहे. एकोणिसाव्या शतकातील टीकाकारांनी ट्रॉयची कथा निव्वळ कल्पना ठरवल्यानंतर तेथे उत्खननात खरोखर शहर सापडले, याचा आधार ते घेतात. ही भूमिका मला पूर्णपणे मान्य नाही, कारण शहर सापडले म्हणजे अकिलीज सापडला असे होत नाही. तरीही ती उघडपणे सांगितलेली असल्यामुळे पुढच्या प्रत्येक व्याख्यानात ते कोणत्या पायावर उभे राहून बोलत आहेत हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. पुष्कळ शिक्षक हा पाया सांगतच नाहीत.

पहिले व्याख्यान, खेदाने म्हणावे लागते, सर्वांत दुबळे आहे. ग्रीकांचा अभ्यास का करावा या प्रश्नाचे त्यांचे उत्तर मुख्यतः ‘पाश्चात्त्य संस्कृतीचा उगम’ या चौकटीत बसते, आणि ग्रीक अनुभव हा इतर प्राचीन समाजांच्या राजेशाही वाटेहून मूलतः वेगळा होता, असे ते ठासून मांडतात. वैशालीच्या लिच्छवींचे आणि इतर गणसंघांचे नाव ऐकलेला भारतीय वाचक येथे थबकतो. गणसंघ म्हणजे अथेन्स नव्हे हे खरेच, पण राजाशिवाय चालणाऱ्या, सभेत निर्णय घेणाऱ्या राज्यव्यवस्था ग्रीसबाहेर होत्या, आणि या तुलनेने केगन यांचा मुद्दा कदाचित अधिक धारदार झाला असता. या व्याख्यानावरून मालेची पारख करू नये. मनुष्य थोर कर्तृत्वालाही समर्थ आहे आणि घोर अपराधालाही, शिवाय तो मर्त्य आहे, ही ग्रीकांची जाणीव ते ज्या भागात उलगडतात तेवढा ऐकून पुढे निघावे.

नगरराज्यांचा उदय, वसाहती आणि ‘टायरंट’ म्हटले जाणारे सत्ताधीश या विषयांवरची व्याख्याने नेटकी आहेत. स्पार्टावरची त्याहून रंगतदार आहेत. सातव्या वर्षी घरातून उचलून नेलेली मुले, एकत्र जेवणाऱ्या प्रौढ पुरुषांच्या पंगती, दोन राजे, साठीच्या पुढच्या २८ जणांचे ज्येष्ठ मंडळ आणि एफर नावाचे पाच निवडलेले अधिकारी या साऱ्यांचे वर्णन पुष्कळ ठिकाणी सापडते. केगन ते हेलट नावाच्या वेठबिगार शेतकऱ्यांपाशी आणून जोडतात. आपल्यापेक्षा संख्येने कितीतरी जास्त असलेल्या लोकांना दाबून ठेवायचे, म्हणून स्पार्टाने स्वतःलाच कायमच्या छावणीत रूपांतरित केले. एफर दरवर्षी हेलटांविरुद्ध औपचारिक युद्ध पुकारत, म्हणजे त्यांना मारणे पाप ठरू नये. स्पार्टाच्या शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी हा भाग अवश्य ऐकावा. होप्लाइट सैनिक म्हणजे स्वतःचे चिलखत विकत घेऊ शकणारा मध्यम शेतकरी आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहणाऱ्या रांगेतून नगरराज्याचे नागरिकत्व घडले, हा सिद्धान्त मात्र ते जरा जास्तच निश्चितपणे मांडतात. त्यावर तज्ज्ञांत तीव्र मतभेद आहेत. स्वतः केगन यांनी पुढे या वादाच्या दोन्ही बाजू मांडणाऱ्या निबंधसंग्रहाचे सहसंपादन केले, पण वर्गातील व्याख्यानात त्या वादाची तीव्रता जाणवत नाही.

मालेचा गाभा अथेन्सच्या लोकशाहीवरील दोन व्याख्यानांत आहे. त्यांतले दुसरे, म्हणजे न्यायालयांविषयीचे, मी कोणालाही निःसंकोच सुचवीन. वर्षाला ६००० नागरिकांची यादी, त्यांतून चिठ्ठ्यांनी त्या त्या दिवशी होणारी वाटणी, एका खटल्याला बहुधा ५०१ पंच, वकील नाहीत, कायदेपंडित न्यायाधीश नाही, दोन्ही पक्षांनी स्वतः बोलायचे आणि तेही पाणघड्याळाने मोजलेल्या वेळात. कोणता पंच कोणत्या खटल्यावर बसेल हे आदल्या रात्रीपर्यंत कोणालाच माहीत नसल्याने लाच द्यायची तरी कोणाला, हा प्रश्न लाच देणाऱ्यापुढे उभा राहतो. दोष सिद्ध झाला आणि शिक्षा कायद्याने ठरलेली नसली, तर फिर्यादी एक शिक्षा सुचवतो, आरोपी दुसरी, आणि पंचांना त्या दोहोंतूनच एक निवडावी लागते. म्हणून दोन्ही बाजूंना अवास्तव मागणी करणे परवडत नाही. सार्वजनिक खटल्यात फिर्यादीला एक पंचमांश मतेही मिळाली नाहीत, तर दंड त्यालाच. तारखांवर तारखा पडणाऱ्या न्यायव्यवस्थेत वाढलेल्या माणसाला एका दिवसात निकाल देणारी ही यंत्रणा ऐकताना हेवा वाटतो. त्याच वेळी वक्तृत्वाच्या जोरावर ५०१ माणसांना फिरवणे किती सोपे असेल अशी शंकाही येते. केगन या पद्धतीच्या बाजूने झुकलेले आहेत आणि ते तसे दिसू देतात.

याच व्याख्यानात स्त्रिया आणि गुलाम यांचा विषय येतो, आणि तेथे त्यांची सहानुभूती अथेन्सकडे अधिक कलते. स्त्रियांना नागरी अधिकार नव्हते, पण शोकांतिकांत आणि पुराणकथांत समर्थ, बुद्धिमान स्त्रिया दिसतात, म्हणून पुराव्याचा अर्थ लावणे कठीण आहे, असे ते म्हणतात. गुलामांचे जीवन एकसारखे नव्हते, पुष्कळजण मालकाच्या बरोबरीने काम करत, काही मुक्तही होत, हेही ते सांगतात. यांतले काहीच खोटे नाही. परंतु लॉरिऑनच्या चांदीच्या खाणींत राबणाऱ्या गुलामांच्या वाट्याला मालकाशेजारी बसून काम करणे आले नव्हते, आणि सलामिसला पर्शियन आरमार बुडवणारी अथेन्सची जहाजे त्याच चांदीतून बांधली गेली होती. युद्धातल्या पराक्रमाला जितका वेळ दिला गेला आहे, त्याच्या मानाने या बाजूला दिलेला वेळ फार कमी आहे.

युद्धाच्या कारणमीमांसेवर मात्र केगन यांची मांड पक्की आहे. इ.स.पू. ४३१ ते ४०४ या काळात चाललेल्या पेलोपोनेशियन युद्धाचे खरे कारण अथेन्सची वाढती सत्ता आणि त्यामुळे स्पार्टाला वाटलेली भीती हे होते, आणि म्हणून युद्ध अटळ झाले, असे त्या युद्धाचा समकालीन इतिहासकार थुसिडिडीस म्हणतो. केगन यांनी आयुष्यभर या ‘अटळ’पणाशी वाद घातला. एपिडॅम्नस नावाच्या आडबाजूच्या गावातील यादवी, त्यावरून कॉर्सिरा आणि कॉरिंथ यांच्यात पेटलेले वैर, इ.स.पू. ४३३ मध्ये अथेन्सने कॉर्सिराला दिलेली मोजूनमापून मदत, पॉटिडियाचा वेढा, मेगारावरचा व्यापारबंदीचा ठराव, अशी एकेक पायरी ते थांबून तपासतात आणि प्रत्येक वेळी विचारतात की येथे दुसरे काही करता आले असते का. इ.स.पू. ४४६-४४५ च्या तीस वर्षांच्या तहात तंटे लवादाकडे नेण्याचे कलम होते. ते असूनही वापरले का गेले नाही, याचा माग काढत ते युद्धाच्या घोषणेपर्यंत येतात. एका महान इतिहासकाराचाच ग्रंथ समोर ठेवून, त्यानेच दिलेल्या तपशिलांच्या आधारे त्याचा निष्कर्ष खोडण्याचा हा प्रयत्न आहे, आणि तो ऐकणे हा बौद्धिक आनंद आहे. नंतरच्या दशकात अमेरिका आणि चीन यांच्याविषयी बोलताना थुसिडिडीसचे तेच वाक्य जगभरच्या संपादकीयांत फिरू लागले, त्यामुळे २००७ मधला हा युक्तिवाद आज अधिकच ताजा वाटतो. मला त्यांचा निष्कर्ष सर्वस्वी पटला असे नाही. अथेन्सचा तेव्हाचा नेता पेरिक्लिस याच्या गणितावर ते अधिक कठोर होऊ शकले असते. पण असहमत कुठे व्हायचे हे कळण्याइतका पुरावा ते स्वतःच समोर ठेवतात.

शेवटची चार-पाच व्याख्याने घाईत उरकल्यासारखी वाटतात. ल्यूक्ट्राची लढाई, थीब्झचा अल्पकाळचा उत्कर्ष, मॅसिडोनियाचा फिलिप आणि इ.स.पू. ३३८ ची कायरोनियाची लढाई यांतून नगरराज्याची संध्याकाळ दाखवून माला संपते. नाटक, शिल्प, तत्त्वज्ञान यांना स्वतंत्र जागा नाही. हा राज्यकारभाराचा आणि युद्धाचा इतिहास आहे, हे आधीच ओळखून ऐकावे.

क्लायनर यांचा वर्ग वेगळ्याच स्वभावाचा आहे. त्या या संपूर्ण खुल्या उपक्रमाच्या संस्थापक-संचालक होत्या, त्यामुळे कॅमेऱ्यापलीकडेही कोणी ऐकत आहे याचे भान त्यांच्या बोलण्यात केगन यांच्यापेक्षा जास्त दिसते. मांडणी शिस्तशीर, आवाज स्थिर, आणि जवळजवळ प्रत्येक वाक्यामागे पडद्यावर एखादी भिंत, कमान किंवा आराखडा. केगन यांना प्रवासात नुसते ऐकले तरी चालते, फक्त ग्रीसचा एक चांगला नकाशा जवळ हवा. क्लायनर यांची ध्वनिफीत मात्र ऐकू नये. ती चित्राविना निरर्थक आहे.

त्यांच्या मालेचा कणा काँक्रीट आहे, असे म्हटले तर चालेल. ग्रीक मंदिर बाहेरून पाहण्याची वस्तू होती. रोमनांनी चुना, ज्वालामुखीची राख आणि दगडांचे तुकडे यांच्या मिश्रणातून इमारतीच्या आतली पोकळी घडवायला सुरुवात केली. पालेस्ट्रिना येथील फॉर्च्युना देवीच्या डोंगरउतारावरच्या मंदिरसंकुलापासून इ.स. ६४ च्या आगीनंतर सम्राट नीरोने बांधलेल्या सुवर्णप्रासादातील अष्टकोनी दालनापर्यंत, आणि तेथून सम्राट हेड्रियनच्या पँथिऑन या घुमटाच्या मंदिरापर्यंत हा धागा त्या चिकाटीने ओढतात. पँथिऑनवरचे व्याख्यान त्यांचे सर्वोत्तम आहे. ४३ मीटरहून थोडा जास्त व्यास, तेवढीच जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंची, मध्ये उघडे सोडलेले सुमारे ९ मीटरचे वर्तुळ, आणि खाली जड दगड वापरून वर जाताना प्युमिससारख्या हलक्या दगडाकडे वळलेले मिश्रण. लोखंडाच्या सळईशिवाय उभा असलेला एवढा मोठा काँक्रीटचा घुमट आजही दुसरा नाही. तो का पडला नाही याचे उत्तर एखाद्या स्थापत्य अभियंत्यालाही आवडेल असे, पण त्याची परिभाषा न वापरता, त्या देतात. नीरोच्या कृत्रिम तलावाच्या जागी कलोसियम बांधून नव्या घराण्याने ती जमीन रोमच्या जनतेला परत दिल्याचा गाजावाजा कसा केला, हे सांगतानाही त्या इमारतीकडे राजकीय जाहिरात म्हणून पाहायला शिकवतात.

व्हेसुव्हियस ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई आणि हर्क्युलेनियम येथील घरांच्या भिंतींवरील चित्रकलेला त्यांनी दिलेला वेळ मात्र वास्तुकलेच्या अभ्यासक्रमात खटकतो. ऑगस्ट माऊ या जर्मन अभ्यासकाने १८८२ मध्ये पाडलेले चार शैलींचे वर्ग त्या एकेका खोलीच्या उदाहरणाने समजावतात. दुसऱ्या शैलीत भिंतीवर खांब आणि दूरची नगरे रंगवून खोली मोठी भासवली जाई, म्हणून वास्तुकलेशी संबंध आहे हे मान्य. चौथ्या शैलीपर्यंत पोहोचेस्तोवर मात्र संयम सुटतो. घाईत असणाऱ्याने येथे दोन व्याख्याने ओलांडून ऑगस्टसच्या रोमवर यावे.

मुद्रण जुने झाल्याच्या खुणा याच भागात सर्वांत ठळक आहेत. व्हेसुव्हियसचा उद्रेक इ.स. ७९ मध्ये २४ ऑगस्टला झाला, ही तारीख व्याख्यानाच्या शीर्षकातच आहे. उद्रेक पाहिलेल्या प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्राच्या हस्तलिखितांवरून ती शतकानुशतके चालत आली. परंतु २०१८ मध्ये पाँपेईतील एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची नोंद सापडली, आणि उद्रेक शरद ऋतूत झाला असावा या मताला मोठे बळ मिळाले. काँक्रीटबाबतही तसेच: त्यातील पांढऱ्या चुन्याच्या गाठी निष्काळजी मिश्रणाची खूण मानल्या जात. त्या कळीचा चुना तापत असतानाच मिसळल्यामुळे उरतात आणि पुढे तडा गेल्यास पाण्यात विरघळून तो बुजवतात, असे दाखवणारे संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. हा क्लायनर यांचा दोष नव्हे. पण संकेतस्थळावर अशा ठिकाणी दोन ओळींची टीप जोडणे विद्यापीठाला अवघड नव्हते.

याहून मोठी उणीव दोन मालांच्या मधल्या जागेत आहे. केगन इ.स.पू. ३३८ पाशी थांबतात. याच संग्रहातला पॉल फ्रीडमन यांचा मध्ययुगाच्या आरंभाचा अभ्यासक्रम इ.स. २८४ पासून, म्हणजे रोमन सम्राट डायोक्लिशनपासून सुरू होतो. मधल्या सहा शतकांवर क्लायनर यांच्या इमारती आहेत, पण राजकीय इतिहासाचा स्वतंत्र वर्ग या संग्रहात नाही. अलेक्झांडर नाही, कार्थेजशी झालेली युद्धे नाहीत, सीझर आणि गणराज्याचा अंत नाही. ‘ग्रीस आणि रोम’ म्हटल्यावर बहुतेकांच्या मनात सर्वांत आधी जे येते, नेमके तेच येथे गैरहजर आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला आणखी एक पोकळी जाणवेल. इ.स. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण, तेर, कल्याण आणि सोपारा यांची नावे येतात. कार्ले येथील लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पॉसिडॉन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती त्याच शहराच्या संग्रहालयात पाहता येते. क्लायनर लिबियातील लेप्टिस मॅग्ना आणि जॉर्डनमधील पेट्रापर्यंत नेतात, पण हा समुद्रव्यापार त्यांच्या विषयात बसत नाही, आणि या उपक्रमात तो शोधू नये.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात. नोंदणी, शुल्क, परीक्षा किंवा प्रमाणपत्र यांपैकी काहीही नाही. प्रत्येक व्याख्यानाची चित्रफीत, ध्वनिफीत आणि इंग्रजी लिखित प्रत मिळते, आणि मराठी माध्यमात शिकलेल्यांसाठी ही लिखित प्रत फार मोलाची आहे, कारण ग्रीक नावांचा अमेरिकी उच्चार पहिल्यांदा ऐकताना ओळखूच येत नाही. ती आधी वाचून मग ऐकले तर निम्मी अडचण संपते. परवाना व्यापारी हेतूशिवाय भाषांतर आणि पुनर्वितरण करण्याची मुभा देतो, म्हणजे मराठी उपशीर्षके करणे एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला सहज शक्य आहे. फक्त क्लायनर यांच्या मालेतील काही छायाचित्रांचे हक्क इतरांकडे आहेत, ते आधी तपासावे लागेल.

केगन यांच्या मालेची सुरुवात क्रमानेच करायला हवी असे नाही. मी नवख्या श्रोत्याला स्पार्टापासून सुरू करायला सांगेन, मग लोकशाहीवरची दोन आणि युद्धाच्या कारणांवरची व्याख्याने. त्या वेळी थुसिडिडीसचा पहिला खंड, कोणत्याही भाषांतरात का होईना, हाताशी ठेवावा. त्यानंतरही रस टिकला तर मागे जाऊन पहिल्यापासून ऐकावे. क्लायनर यांचे मात्र क्रमानेच पाहावे, कारण पँथिऑनच्या व्याख्यानातली प्रत्येक तुलना मागच्या कुठल्या तरी इमारतीशी केलेली असते.